जपानला मागे टाकलं की नाही? डॉलरच्या भावाने जीडीपी वरखाली होतो म्हणजे नक्की काय होतं?

भोसरीचा_हिशोबनीस
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, आधीच सॉरी म्हणून ठेवतो. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघतो, बीकॉम झालोय पण इकॉनॉमिक्स परीक्षेपुरतंच. रविवारी घरी मिसळीचा बेत होता, मेहुणा आलेला (बायकोचा धाकटा भाऊ, हिंजवडीत असतो) आणि तर्री वाढेपर्यंत आमचा वाद पेटला. विषय तोच, अर्थव्यवस्थेच्या आकाराने जगात आपण चौथे की पाचवे. २०२५ च्या मे महिन्यात नीती आयोगाच्या सीईओंनी सांगितलं की आपण जपानला मागे टाकलं, त्यावर व्हॉट्सॅपवर दोन दिवस फटाके फुटले. मग ऑक्टोबरात आयएमएफचे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे) नवे आकडे आले त्यात जपान ४.२८ ट्रिलियन डॉलर (ट्रिलियन म्हणजे लाख कोटी) आणि आपण ४.१३. म्हणजे परत पाचवे. मेहुणा म्हणतो दाजी हा सगळा रुपया पडल्याचा खेळ आहे, प्रत्यक्षात काही झालेलं नाही. मी म्हटलं अरे असं कसं, जीडीपी म्हणजे देशात काय बनलं त्याचा हिशोब ना, मग सहा महिन्यांत जपानने असं काय बनवलं?

मग मी जुने आकडे काढत बसलो आणि जास्तच गोंधळलो. २०१२ ला जपान सव्वासहा ट्रिलियन डॉलर होता, २०२४ ला चारच्या आसपास. एक तृतीयांश देश बुडाला की काय? तिथं ना युद्ध झालं ना काय.

एक गोष्ट मात्र मला थोडीफार कळते, कारण ती रोज हातात असते. आम्ही जर्मनीतल्या एका क्लायंटला पंपाचे पार्ट पाठवतो. भाव युरोत ठरलेला, १८ युरोला पीस, महिन्याला ४०० पीस. २०२५ सुरू झालं तेव्हा युरो ८९ च्या आसपास होता, बिल व्हायचं ६ लाख ४० हजार. दिवाळीच्या सुमाराला युरो १०२-१०३, तेच ४०० पीस आणि बिल ७ लाख ३८ हजार. माल तोच, ऑपरेटर तोच, मशीन तर २००९ पासून तेच. आणि आमचे शेठ खूश की टर्नओव्हर पंधरा टक्क्यांनी वाढला. तर देशाच्या जीडीपीचं पण असंच असतं का? असेल तर मग हे नंबर लावायचेच कशाला? कुणी जाणकाराने समजावून सांगावं, पुढच्या रविवारी मेहुणा परत येतोय.

पेठेतला
चौथे की पाचवे यावरून मिसळ गार करणारा माणूस पुण्यातला असूच शकत नाही.
बाकी साधा हिशोब आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी डॉलर ६० ला होता, २०२४-२५ ला सरासरी साडेचौऱ्याऐंशी. त्या वर्षी आपला जीडीपी ३३० लाख कोटी रुपये. भागा ६० ने, साडेपाच ट्रिलियन येतात. म्हणजे रुपया सांभाळला असता तर पाच ट्रिलियनचं टार्गेट कधीच पार झालं असतं. विषय संपला.

निवृत्त_फॉरेक्स
विषय संपला नाही, आत्ता सुरू झाला. पेठेतल्यांच्या गणितात एक मोठी गोम आहे, ती कुणीतरी दुसरं सांगेल, मला आधी हिशोबनीसांच्या प्रश्नाकडे येऊ दे.

अहो हिशोबनीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच बिलात आहे. देशाचा जीडीपी आधी त्या देशाच्या चलनात मोजला जातो. आपला रुपयात, जपानचा येनमध्ये. इथपर्यंत डॉलरचा संबंधच नाही. मग दोघांना एका रांगेत उभं करायचं म्हणून त्या वर्षाच्या सरासरी भावाने डॉलरमध्ये बदलतात. म्हणजे डॉलरमधला जीडीपी हा दोन गोष्टींचा मिळून बनलेला आकडा, एक देशात काय झालं ते आणि दुसरं चलनबाजारात काय झालं ते. आकडा हलला की माणूस समजतो पहिली गोष्ट हलली. बऱ्याचदा हललेली असते दुसरी.

मी ३४ वर्षं एका बँकेत काढली, त्यातली १६ परकीय चलनाच्या डेस्कवर. १९९१ चा जुलै चांगला आठवतो. १ तारखेला रुपया खाली आणला, ३ तारखेला परत आणला, दोन्ही मिळून डॉलर २१ वरून २६ च्या घरात. लक्ष्मी रोडवर आमच्या शाखेत त्या दोन दिवसांत नुसती धावपळ, एलसी (बँकेची पैसे देण्याची हमी) उघडलेले आयातदार डोक्याला हात लावून बसलेले. आता गंमत बघा, जागतिक बँकेच्या आकड्यांत १९९० ला भारताचा जीडीपी साधारण ३२० अब्ज डॉलर आणि १९९१ ला २७०. पन्नास अब्ज गायब! आणि त्या वर्षी देशाची खरी वाढ जेमतेम टक्का-सव्वा टक्का होती, म्हणजे कमी होती पण उणे नव्हती. शेतात गहू होता, गिरण्या चालू होत्या, बाहेर रिक्षावाला भांडतच होता. गायब काय झालं तर फक्त भाव. १९६६ ला पण हेच, ६ जूनला डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला, पण तेव्हा मी शाळेत होतो त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

आता तुमच्या जपानच्या शर्यतीची आतली गोष्ट. एप्रिल २०२५ च्या आयएमएफच्या तक्त्यात भारत ४,१८७.०२ अब्ज आणि जपान ४,१८६.४३ अब्ज. फरक अर्ध्या अब्जापेक्षा थोडा जास्त. टक्क्यांत काढलात तर ०.०१४ टक्के. म्हणजे रुपयाचा वर्षाचा सरासरी भाव सव्वा पैशाने, परत वाचा, सव्वा पैशाने इकडचा तिकडे झाला असता तर नंबर उलटा. आम्ही डेस्कवर चहाचा कप खाली ठेवेपर्यंत रुपया यापेक्षा जास्त हलायचा.

आणि अजून एक, जे त्या मेसेजवाल्यांपैकी कुणी सांगितलं नाही. आयएमएफ भारताचं वर्ष आर्थिक वर्षाप्रमाणे धरतं. त्यांचं '२०२५' म्हणजे आपलं एप्रिल २०२५ ते मार्च २०२६. तो आकडा एप्रिल २०२५ मध्ये छापला. म्हणजे जे वर्ष नुकतं सुरू झालं होतं त्याचा तो अंदाज होता, झालेल्या कामाचा हिशोब नव्हे. ऑक्टोबरात अंदाज बदलला, मधल्या काळात रुपया घसरलेला होता आणि येन जरा सावरलेला, नंबर फिरला. डिसेंबरात तर डॉलर ९० च्या पार गेला. तुमचा मेहुणा बरोबर आहे, पण 'प्रत्यक्षात काही झालेलं नाही' हे त्याचं वाक्य थोडं जास्तच आहे. त्यावर नंतर लिहितो, हिच्या औषधाची वेळ झाली.

तोमोदाची_पुणे
जपानचा विषय निघालाय तर राहवत नाही. पुण्यात जपानी शिकून २०११ ला नागोयाला गेलो, तेरा वर्षं राहिलो, २०२४ च्या शेवटी परत आलो. त्यामुळे 'जपान एक तृतीयांश बुडाला' हे मी बुडणाऱ्या बोटीत बसून बघितलंय आणि सांगतो, पाय पण ओले झाले नाहीत.

माझ्या फ्लॅटचं भाडं मी गेलो त्या दिवशी ६२ हजार येन होतं आणि निघालो तेव्हाही ६२ हजार येन. कंपनीच्या कॅन्टीनमधलं जेवण सगळ्या वर्षांत मिळून किती वाढलं असेल तर शंभरेक येन. रामेनच्या दुकानदारांत तर म्हणच आहे की हजार येनची भिंत, त्याच्यावर भाव नेला तर गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणजे तिथं राहणाऱ्याला डॉलरशी काही घेणंदेणंच नव्हतं.

मला घेणंदेणं होतं कारण सिंहगड रोडच्या फ्लॅटचा हप्ता. दर महिन्याला १ लाख येन घरी पाठवायचो. २०१२ ला त्याचे ६६-६७ हजार रुपये यायचे, हप्ता जाऊन आईच्या हातात वर काहीतरी राहायचं. २०२४ च्या जुलैत डॉलरला १६० येन झाले तेव्हा त्याच एक लाखाचे ५२ हजार आले. बायको म्हणाली पगार कापला का? मी म्हटलं नाही गं, पगार वाढलाय. तिचा विश्वास बसेना, मी पगाराची स्लिप स्कॅन करून पाठवली. आणि डॉलरमध्ये बघाल तर अजून वाईट, २०१२ ला लाख येन म्हणजे साडेबाराशे डॉलर, त्या जुलैत सव्वासहाशेच्या आत. निम्मे!

आता देशाचं बघा. २०१२ चा जपानचा जीडीपी साधारण ५०० ट्रिलियन येन, २०२४ चा ६०९ ट्रिलियन. येनमध्ये वीसेक टक्के वाढला. फक्त २०१२ ला डॉलर ८० येनला होता आणि २०२४ ला १५१ ला. भागाकार करा, सव्वासहाचे चार होतात. बस एवढंच रहस्य आहे.

आणि येन पडला का, तर जपानी लोक काम करेनासे झाले म्हणून नाही. २०२२ पासून अमेरिकेच्या फेडने (त्यांच्या रिझर्व्ह बँकेने) व्याजदर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेले आणि बँक ऑफ जपान मार्च २०२४ पर्यंत उणे व्याजदर धरून बसली होती. पैसा जिथं व्याज तिकडे पळाला. माझा सुपरवायझर त्या सगळ्या काळात रोज सकाळी सात पन्नासला गेटवर हजर होता, त्याच्या कामाचं मोल मात्र डॉलरवाल्यांच्या पुस्तकात निम्म्यावर आलं.

सगळ्यात भारी उदाहरण २०२३ चं. त्या वर्षी जर्मनी जपानला ओलांडून तिसरा झाला. आणि त्याच वर्षी जर्मनीची अर्थव्यवस्था, तेव्हाच्या आकड्यांत ०.३ टक्क्यांनी, आकसली होती! आकसून पुढे गेला. जपान थोडा वाढून मागे पडला.

पेठेतला
बरं मग मी वेगळं काय म्हटलं? भावाचाच खेळ आहे. रुपया सांभाळा.

भोसरीचा_हिशोबनीस
काका आणि तोमोदाची, दोघांनाही दंडवत. सव्वा पैशाचं वाचून मी बायकोला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली यासाठी तुम्ही माझ्या भावावर ओरडलात.
पण मग खरी तुलना करायची कशी? मेहुणा म्हणत होता पीपीपीने बघायचं असतं आणि त्यात आपण कधीचेच तिसरे आहोत. ते पीपीपी म्हणजे काय आणि ते कोण ठरवतं? का तो पण कुणाचा तरी अंदाजच?

अर्थशास्त्र_शिकवते
मी एका कॉलेजात शिकवते, दरवर्षी हा टॉपिक एफवायच्या मुलांना समजावताना न्हाव्यापासून सुरुवात करते. इथंही तेच करते.

आमच्या कोथरूडच्या गल्लीत केस कापायचे १२० रुपये. माझा भाऊ न्यू जर्सीत आहे, तो टीप धरून ३० डॉलर देतो. कात्री तीच, कंगवा तोच, वीस मिनिटं तीच, उलट आमचा न्हावी वर डोक्याला मालिश करून देतो आणि राजकारण फुकट ऐकवतो. आता बाजारभावाने जीडीपी मोजलात तर न्यू जर्सीच्या कटिंगने जगाच्या उत्पादनात ३० डॉलरची भर घातली आणि कोथरूडच्या कटिंगने सव्वा-दीड डॉलरची. काम एकच, पण हिशोबात विसाव्या भागाचं. मोबाइल, कच्चं तेल, हिशोबनीसांचे पंपाचे पार्ट या जहाजात चढणाऱ्या वस्तूंचे भाव जगभर साधारण जवळजवळ येतात. कटिंग जहाजात चढत नाही. घरभाडं, शाळेची फी, डॉक्टर, रिक्षा, वडापाव, काहीच चढत नाही. आणि बाजारातला डॉलरचा भाव ठरतो तो जहाजात चढणाऱ्या मालावर आणि इकडून तिकडे पळणाऱ्या पैशावर. म्हणून गरीब देशातल्या सेवा डॉलरमध्ये कवडीमोल दिसतात. हे का होतं याची मांडणी बालासा आणि सॅम्युअलसन या दोघांनी १९६४ ला वेगवेगळी केली. थोडक्यात, कारखान्यात उत्पादकता वाढली की तिथले पगार वाढतात, मग न्हाव्यालाही तेवढे द्यावे लागतात नाहीतर तो धंदा सोडून कारखान्यात जाईल, म्हणून श्रीमंत गावात कटिंग महाग. न्हावी जास्त हुशार असतो म्हणून नव्हे.

यावर उपाय म्हणजे पीपीपी, क्रयशक्तीची तुलना. १९६८ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्रॅव्हिस, हेस्टन, समर्स या मंडळींनी हे काम हाती घेतलं, आता जागतिक बँक ते आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम म्हणून चालवते. देशोदेशी लोक अक्षरशः दुकानात जाऊन भाव लिहून आणतात, अमुक प्रतीचा तांदूळ, अमुक प्रकारचं घरभाडं, सरकारी शिक्षकाचा पगार, सिमेंट. मग त्यावरून काढतात की अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथं किती रुपयांना पडतं. २०१७ च्या फेरीत भारताचा तो दर आला २० रुपये ६५ पैसे. बाजारात तेव्हा डॉलर ६५ रुपये १२ पैशांना होता. म्हणजे पीपीपीने आपला आकडा तिपटीहून जास्त होतो, तिसरा नंबर तिथून येतो.

पण हिशोबनीस, तुमची शंका बरोबर आहे, हाही अंदाजच. २००५ च्या फेरीचा निकाल २००७ च्या डिसेंबरात आला तेव्हा चीनची पीपीपी अर्थव्यवस्था एका रात्रीत सुमारे ४० टक्क्यांनी लहान झाली, आपलीही जवळपास तेवढीच. चीनमधले भाव फक्त ११ शहरांतून आणि त्यांच्या आसपासच्या भागातून घेतले होते, शहरातले भाव चढे, म्हणून देश महाग दिसला आणि उत्पादन कमी. पुढे २०११ च्या फेरीत परत वर गेला. मी मुलांना सांगते, पुण्याचा भाव काढायला फक्त एफसी रोडवर फिरलात तर असंच होणार, जरा मंडईत आणि हडपसरला पण जा.

आता पेठेतले. तुमची गोम काकांनी माझ्यासाठी ठेवलीय असं समजते. ३३० लाख कोटी हा आकडा चालू किमतीतला आहे, त्यात दहा वर्षांची महागाई भरलेली आहे. तुम्ही महागाई ठेवली आणि घसरण काढून टाकली. असं अर्धं अर्धं घेता येत नाही हो. २०१३-१४ ला आपला जीडीपी ११२ लाख कोटी होता, २०२४-२५ ला ३३० लाख कोटी. रुपयात जवळजवळ तिप्पट. त्या वेळी डॉलर साठ-साडेसाठला, म्हणजे १.८६ ट्रिलियन, २०२४-२५ ला ३.९१. डॉलरमध्ये दुपटीच्या थोडं वर. आणि महागाई वजा करून, म्हणजे २०११-१२ च्या स्थिर किमतींत, ९८ लाख कोटींचे १८८ लाख कोटी. १.९ पट. बघा, डॉलरमधली वाढ खऱ्या वाढीच्या किती जवळ आहे. आपल्याकडे महागाई अमेरिकेपेक्षा जास्त, म्हणून रुपया हळूहळू घसरतो, आणि ती घसरण फुगलेल्या आकड्यातली हवा बऱ्यापैकी काढून घेते. दहा-बारा वर्षांच्या पल्ल्यावर हे साधारण जुळतं. एक-दोन वर्षांत मुळीच जुळत नाही, तिथं काकांचा सव्वा पैसा राज्य करतो.

म्हणून एक देश काळाबरोबर किती वाढला हे बघायचं असेल तर त्याच्याच चलनात, स्थिर किमतींत बघायचं. डॉलर मध्ये आणायचाच नाही.

पेठेतला
हम्म. ९८ चे १८८ हे मी बघितलं नव्हतं. ठीक आहे. मान्य.
(कोथरूडला १२० मध्ये कटिंग कुठे होते तेवढं सांगा.)

नळस्टॉप_नाका
पीपीपीवाल्यांना माझा एक प्रश्न नेहमी असतो, पीपीपीच्या रुपयाने एक बॅरल तेल घेऊन दाखवा. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, समोरचा माणूस २०-२१ रुपयाने डॉलर धरत नाही, बाजारात जो भाव असेल तो मोजावा लागतो. लढाऊ विमानाचं तेच, बाहेरच्या कर्जाचं तेच, पोराला परदेशी शिकायला पाठवलं तर फीचं तेच. तिथं तुमचा न्हावी काही कामाचा नाही. जगात वजन किती आहे हा प्रश्न असेल तर बाजारभावाचाच आकडा बघावा लागतो, आवडो न आवडो.

आणि चौथा-पाचवा सोडा, आपल्या घरचं बघा. महाराष्ट्राने एक ट्रिलियन डॉलरचं टार्गेट ठेवलंय. आता एक ट्रिलियन म्हणजे बरोब्बर एक लाख कोटी, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. डॉलर ८४ ला असेल तर एक ट्रिलियन डॉलर म्हणजे ८४ लाख कोटी रुपये, ९० झाला की ९० लाख कोटी. राज्याचं उत्पन्न २०२४-२५ ला साधारण ४५ लाख कोटी धरलेलं होतं. म्हणजे निम्म्या वाटेवर होतो, आणि एका वर्षात नुसत्या भावाने फिनिश लाइन ६ लाख कोटींनी पुढे सरकली. राज्याचं २०२५-२६ चं अख्खं बजेट ७ लाख कोटींचं होतं, त्यावरून अंदाज घ्या. पळणाऱ्याने पाय मोजायचे की रेषा?

निवृत्त_फॉरेक्स
आलो परत. नाक्यावरच्यांनी माझं अर्धं काम केलं. मला हेच म्हणायचं होतं, मेहुण्याचं 'काही झालेलं नाही' हे जास्त आहे कारण रुपया पडला की आयात करणाऱ्याच्या खिशातून खरेच पैसे जातात. उत्पादन हललं नाही तरी बाहेरून किती विकत घेऊ शकतो ते हललं.

भावाचा खेळ किती टोकाला जातो ते बघायचं तर नायजेरिया. जून २०२३ ला तिथल्या सरकारने नायरा मोकळा सोडला, तोपर्यंत डॉलरला ४६० च्या आसपास असा ठरवून धरलेला होता, वर्षभरात दीड हजारावर. देश दरवर्षी तीनेक टक्के वाढत होता आणि डॉलरमधला जीडीपी दोन वर्षांत जवळपास निम्मा. आफ्रिकेत पहिला होता तो चौथा झाला. पण मला विचाराल तर घसरण २०२३ ला झालीच नाही, आधीचा आकडाच खोटा होता, कारण ४६० ला डॉलर मागायला गेलात तर कुणी देत नव्हतं. फुटपाथवरचा भाव वेगळाच होता. त्यामुळे कुठल्या भावाने भागलंय ते आधी विचारायचं. आणि त्याच देशाने २०१४ ला आधारवर्ष (ज्या वर्षाच्या भावांवर आणि धंद्यांच्या यादीवर हिशोब बेततात ते) १९९० वरून २०१० वर आणलं तर जीडीपी एका दिवसात ८९ टक्क्यांनी वाढला होता, टेलिफोन कंपन्या आणि सिनेमा धंदा जुन्या हिशोबात नीट धरलेच नव्हते. तेव्हाही आदल्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा बाजार सारखाच भरला होता.

या उड्या कमी दिसाव्यात म्हणून जागतिक बँक देशांना गरीब-मध्यम-श्रीमंत अशा गटांत टाकताना एका वर्षाचा भाव घेत नाही, तीन वर्षांची सरासरी काढते आणि महागाईतला फरक त्यात धरते. अॅटलस पद्धत म्हणतात तिला. शहाणपणाची आहे, पण टीव्हीवर दाखवायला बोअर.

तोमोदाची_पुणे
एक राहिलं. चौथे झालो की पाचवे यात माणशी किती ते कुणी काढतच नाही. आयएमएफच्या त्याच ऑक्टोबरच्या आकड्यांत जपान माणशी ३४ हजार डॉलरच्या वर आणि आपण पावणेतीन हजार-अठ्ठावीसशेच्या आसपास. येन निम्मा झाल्यावर सुद्धा बारापट. आणि येन स्वस्त झाला म्हणून २०२४ ला तिथं पावणेचार कोटींच्या जवळपास परदेशी टुरिस्ट आले, क्योटोला बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. त्या लोकांना जपान 'स्वस्त' वाटत होता. माझ्या शेजारच्या आजींना मात्र तोच जपान महाग वाटत होता, कारण विजेचं बिल वाढलं होतं, गॅस बाहेरून डॉलरमध्ये येतो ना.

भोसरीचा_हिशोबनीस
मंडळी, रिपोर्ट देतो. काल मेहुणा आला होता. मी एक्सेल उघडून ठेवलं होतं, एका रकान्यात येन, एका रकान्यात भाव, एका रकान्यात भागाकार, २०१२ आणि २०२४. त्याने भावाच्या रकान्यात दोन्हीकडे ८० टाकून बघितलं, मग दोन्हीकडे १५१ टाकून बघितलं, दोन्ही वेळा जपान वाढलेलाच दिसला. गप्प झाला आणि मग म्हणाला दाजी हेच तर मी म्हणत होतो. म्हटलं हो बाबा, तूच म्हणत होतास, पण तेल सोडून. मग तेलावरून परत सुरू झालं, यावेळी मिसळ नव्हती, साबुदाण्याची खिचडी होती.

काका, एक धंद्याचा प्रश्न विचारतो, विषयाला थोडा सोडून. अॅटलसचं वाचून डोक्यात आलं, की आमच्या जर्मन क्लायंटला पण कोटेशन तीन वर्षांच्या सरासरी भावाने द्यावं का? म्हणजे शेठची दर महिन्याची धाकधूक जाईल. सध्या युरो चढा आहे म्हणून ते खूश आहेत, पण ८९ झाला होता तेव्हा मला रोज केबिनमध्ये बोलावून विचारायचे की माल कमी गेला का.

निवृत्त_फॉरेक्स
अजिबात नको. सरासरी तक्त्यात चालते, क्लायंट पैसे देतो ते त्या दिवशीच्या भावाने. शेठना सांगा युरो चढा आहे तोवर पुढच्या तीन-चार महिन्यांच्या बिलांपुरतं तरी बँकेत फॉरवर्ड बुक करून टाका (म्हणजे पुढे येणाऱ्या युरोचा भाव आजच पक्का करून ठेवायचा), सगळं नको, निम्मं करा. आणि टर्नओव्हर रुपयात लिहिताना शेजारी पीसचा रकाना ठेवा.

भोसरीचा_हिशोबनीस
पीसचा रकाना आजच टाकला. शेठ विचारतायत हा कशाला.